गार पाण्याचे शेजारी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही, कारण मी कायम पाण्याखाली असतो. मी एक जुना फूटव्हॉल्व्ह आहे. मोटारीचा पाइप पाण्यात जिथे संपतो, तिथे जाळीचे तोंड घेऊन बसलेला बिडाचा गोळा म्हणजे मी. मोटार चालू झाली की पाणी आत घ्यायचे आणि बंद झाली की पाइपातले पाणी खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. गावात मला सरसकट फुटबॉल म्हणतात. अजून कोणी लाथ मारलेली नाही, हे नशीब.

माझा जन्म भट्टीत झाला, त्यामुळे उष्णता म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. इंदापूरच्या एका दुकानातून रामहरींनी मला निरवांगीला आणले आणि आपल्या विहिरीत सोडले. तिथे मी इमानाने राबलो. माझ्या पोटातली चामड्याची चकती इतकी घट्ट बसायची, की मोटार आठवडाभर बंद राहिली तरी पाइप भरलेला असे. रामहरी आल्यागेल्याला माझे कौतुक सांगत. मग विहिरीत पाणबुडी मोटार आली, तिला फूटव्हॉल्व्ह लागत नाही, आणि माझी रवानगी टोमॅटोच्या क्रेटमागे झाली. अंगावर गंज चढला, तोंडावर कोळ्याने जाळे विणले. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटायचे.

पुढे डाळिंबासाठी शेततळे झाले आणि मला घासूनपुसून पुन्हा कामाला जुंपले. तळ्याला काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. त्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यात, गाळापासून कमरेइतक्या उंचीवर मी लटकत होतो. जागा गार होती, पण एकटेपणा खायला उठायचा. त्याच सुमारास रामहरींच्या बायकोने, सिंधुबाईंनी, हौसेने तळ्यात रोहू आणि मृगळ माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली. घरचे सगळे हसले. सिंधुबाईंनी मनावर घेतले नाही. रोज संध्याकाळी त्या ताटली वाजवत आणि पेंड टाकत, की सगळी मंडळी वर धाव घ्यायची. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

यंदा मात्र उन्हाळ्याने कहर केला. काळा कागद तापला, वरचे पाणी अंघोळीच्या पाण्यासारखे झाले. मग एका दुपारी पहिला मृगळ माझ्या जाळीपाशी येऊन थांबला. शेपटीला चीर गेलेला, जरा आगाऊ वाटला. थोडा वेळ इकडेतिकडे हुंगून त्याने मुक्काम ठोकला. त्याच्या मागोमाग सगळा कबिला आला. मित्रांनो, अख्ख्या तळ्यातून त्यांनी माझा कोपरा निवडला होता. मी हरखून गेलो. कोणी जाळीवरचे शेवाळ खायचे, कोणी पाठ घासायचे. एवढी वर्दळ मला जन्मात कधी मिळाली नव्हती.

पण माझा आनंद फार टिकला नाही. मोटार चालू झाली की मी नेमके हेच गार पाणी ओढत होतो. वरचे तापलेले पाणी रोज थोडे खाली सरकायचे आणि मासे आणखी दाटीवाटीने मला चिकटायचे. ज्यांनी माझ्या आसऱ्याला घर केले, त्यांचे घर मीच पीत होतो.

पाइपातून बांधावरचे बोलणे मला ऐकू येते, बरं का. मासे पेंड खायला वर येईनात, म्हणून रामहरींनी आशा सोडली होती. पाणकावळ्यांनी खाल्ले असतील, नाहीतर मेले असतील, आता तळे रिकामे झाले तरी चालेल, सगळे पाणी डाळिंबाला देतो, असे ते म्हणाले.

"मेलं असतं तर वर तरंगलं नसतं का?" सिंधुबाई म्हणाल्या.

रामहरींनी मोटार चालू केली. माझ्या चकतीत एखादा खडा अडकावा असे मला वाटत होते. माझ्याभोवती मासे भराभर कल्ले हलवत होते, आणि मी ओढतच होतो. एवढ्यात सिंधुबाई शेतातून लगबगीने बांधावर आल्या. डाळिंबात पाणी पडते तिथे, पाइपाच्या तोंडाशी त्यांनी पाय धुतले होते.

"अवो, मोटार बंद करा. तळ्यात हात घातला तर पोळतोय, आन पाइपातनं गारगार येतंय. मासं त्या गारव्यालाच बसल्यात, आन आपुन त्योच उपसतोय."

त्यांची सून रोहिणी बारामती एमआयडीसीतल्या दूध डेअरीतून नुकतीच घरी आली होती. तिने मोबाइलवर वाचलेले सांगितले, की आता समुद्रसुद्धा तापतो आहे आणि थंड पाण्यातले मासे जुनी ठिकाणे सोडून खोल पाण्यात किंवा दूर थंड भागात चालले आहेत.

"मामा, समुद्रातलं मासं लांब तरी जात्यात," ती सासऱ्यांना म्हणाली. "ह्यांनी कुठं जायचं?"

रामहरी उठून स्टार्टरकडे गेले. मोटार बंद झाली.

डाळिंबालाही पाणी हवेच होते. तेव्हा सिंधुबाईंनी सुचवले, की झाडांना वरचे पाणी द्यावे आणि खालचे माशांना ठेवावे. रामहरींनी स्वतः तळ्यात उतरून मला वर ओढले आणि तेलाच्या दोन रिकाम्या कॅनना बांधून पाण्यात हातभर खाली तरंगत ठेवले. आता मी कोमट पाणी ओढतो. ते जमिनीत पुरलेल्या लांब पाइपातून जाईपर्यंत बऱ्यापैकी निवते, आणि झाडांची काही तक्रार नाही.

माझा गार कोपरा गेला, शेजार गेला. पहिल्या दिवशी मला रडूच आले, पण पाण्यात ते कोणाला दिसणार? मग ऊन उतरल्यावर सिंधुबाईंनी ताटली वाजवली. खालून एकेक करत सगळे वर आले, माझ्या अंगाला अंग घासून पुढे गेले आणि पेंडीवर तुटून पडले. बांधावर सिंधुबाई मोठ्याने हसत होत्या. "हायती की सगळी," म्हणत रामहरी तिथेच मांडी घालून बसले. माझ्या साऱ्या आयुष्यात एवढे सुख मी पाहिले नव्हते.

मित्रांनो, तळ्यातल्या माशाला उन्हाळ्यात फक्त खाली जाता येते. तुमच्या शेतात तळे असेल तर घरी जाऊन एवढे बघा, की त्याचा फूटव्हॉल्व्ह कुठे लटकतो आहे. तो तळाशी असेल तर त्याला वर बांधा. तो बिचारा स्वतः सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी सांगतो आहे.