ओळखीचं कुणी

इस्पितळाच्या धुलाई विभागाचा बॉयलर सकाळीच बंद पडला आणि सुपरवायझरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. उद्याच्या शस्त्रक्रियांसाठी चादरी हव्या होत्या. शहरातल्या धुलाई सुपरवायझर-मॅनेजरांच्या बैठकांना त्या कधीच गेल्या नव्हत्या. "चकाट्या पिटायला वेळ कुणाला आहे?" म्हणायच्या.

शेवटी त्यांनी एका हॉटेलच्या धुलाई मॅनेजरला फोन लावला.

"इस्पितळाचे कपडे आम्ही घेत नाही, बाई. तुमच्यासाठी शब्द टाकेल असं आमच्या बैठकीतलं कुणी ओळखीचं आहे?"

"कुणीच नाही हो."

तो घुटमळला. "बरं, निम्मे पाठवा."

निम्म्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. नातेवाइकांना सांगायला बाई स्वतः गेल्या, पण त्यांना मान वर करवेना.