घरच्यांचे आभार

विशाखाने कस्तुरीच्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले, तिला दंडाला धरून हॉलमध्ये आणले आणि रत्नाबाईंसमोर उभे केले.

"बोल आता."

कस्तुरी सोफ्याच्या शिवणीतून सुटलेला दोरा ओढत राहिली. शेजारी विशाखाचा नवरा राजन आपल्या आईच्या बॅगेवर गुडघा टेकवून चेन लावायच्या खटपटीत होता.

"व्हॉट शुड आय से?"

"दहा वर्षांची झालीस, तेही मीच सांगू? आजी इतक्या लांबून कशासाठी आली होती?"

ते घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. विशाखाचे ऑपरेशन ठरले तेव्हा कधी मुंबईच्या पुढे न गेलेल्या रत्नाबाई गुहागरहून निघाल्या आणि दुखरे गुडघे घेऊन एकट्या विमानात बसल्या. आखातातल्या, हूरा भागातल्या या फ्लॅटचा सगळा भार त्यांनी उचलला; सुनेला ओट्यापाशी फिरकू दिले नाही. आणि नातीने काय केले? खोली वाटून घ्यावी लागते म्हणून तोंड फुगवले. आजी घोरते म्हणून रोज सकाळी तक्रार केली. तिला कधी साधे पाण्याचे भांडे नेऊन दिले नाही.

"थँक यू फॉर एव्हरीथिंग," कस्तुरी एका दमात म्हणाली. "कॅन आय गो नाऊ?"

"मराठीत. आणि आजीकडे बघून."

"राहू दे गो," रत्नाबाई कानकोंड्या झाल्या. "घरच्या माणसाचे कसले आभार? मी काय पाहुणी आहे?"

"आई, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही पाठीशी घालता, म्हणून ही अशी झाली आहे."

चेन ओढणारा राजनचा हात थांबला. आपण जरा जास्तच बोललो, हे विशाखाला त्यावरून कळले. पण शब्द निघून गेला होता. रत्नाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या उगाच खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"यल्ला, निघू या," राजन म्हणाला.

विमानतळावरही तेच. व्हीलचेअरवर बसलेल्या रत्नाबाईंनी नातीच्या गालाकडे हात नेला, तर कस्तुरीने मान वळवली. "बाय," एवढेच ती म्हणाली, तेही जमिनीकडे बघून. परतताना मुहर्रकचा पूल संपेपर्यंत विशाखा बोलत होती: तुला सगळे आयते मिळते, तुला माणसाची किंमत नाही, उद्या आम्हीही असेच म्हातारे होऊ.

"खलास, विशाखा. पुरे," राजन म्हणाला.

"घाल, आता तूही पाठीशी घाल."

शुक्रवार, शनिवार या इथल्या सुट्टीच्या दिवसांत घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. रविवारी शाळा होती आणि रजा संपून विशाखाचाही ऑफिसचा पहिला दिवस. राजन पहाटेच शिफ्टला गेलेला. तिने घाईघाईने कस्तुरीची वेणी घातली. कस्तुरीने आरशात पाहिले आणि सोडून टाकली. विशाखाने दात-ओठ खात पुन्हा घातली. तीही सुटली.

"नॉट लाइक धिस!"

"मग कशी?"

"आजी आधी तेल लावते. मग बोटांनी सोडवते, स्लोली. तू नुसती ओढतेस."

खाली बसचा हॉर्न वाजला. विशाखाने कंगवा टेबलावर आपटला.

"आजी होती तेव्हा तोंड वाकडं! आणि आता ती गेल्यावर हे सुरू? चल, ऊठ. बस जाईल."

कस्तुरी उठली नाही. मोकळे केस तोंडावर आले होते. ते तिने मागे सारले नाहीत. केसांआड तिचे खांदे हलत होते. हॉर्न पुन्हा वाजला आणि मग बस निघून गेली.

विशाखाने कपाळाला हात लावला. मग तिने गुहागरला फोन लावला.

"का गो, या घाईच्या वेळी?" रत्नाबाईंचा आवाज आला. "कोण रडतंय?"

"तुमची नात. हिच्यापायी बस गेली, आता मलाही उशीर." विशाखाच्या आवाजातला वैताग लपत नव्हता. "मी घातलेली वेणी चालत नाही तिला. म्हणते, आजीसारखी जमत नाही तुला."

"काय म्हणाली?" रत्नाबाईंनी हळूच विचारले. "परत सांग बघू."

विशाखाने घड्याळाकडे पाहिले. मग खुर्ची ओढून ती कस्तुरीशेजारी बसली आणि तिने परत सांगितले, या वेळी सावकाश.