जोडीदार सोडायचा नाही

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात, एकट्यानं करायचा खेळ. सगळ्या जगात एकट्यानं. फक्त आमच्या मंगळवार पेठेत जोडीनं.

ही अक्कल गणपतरावांची. रिटायर्ड पीटी शिक्षक, उभा जन्म तालमीत गेलेला. तालमीत सरावाला जसा प्रत्येकाचा जोड ठरलेला, तसा त्यांनी आमच्या ग्रुपातही ठरवून टाकला. माझा जोड विजयसिंह. नियम एकच. "जोड पडला तर उचलून आणायचा. उचलंना झाला तर शेजारी बसायचं. एकट्यानं घरी यायचं न्हाय." पुण्या-मुंबईचे स्पर्धक हसतात. हसोत. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकानं जोडीदारासाठी शर्यत सोडली, तर गणपतरावांनी त्याला फेटा बांधून पेठेतून हलगी लावून फिरवला. जे खरोखर शर्यत पुरी करून आले होते त्यांना नुसता चहा मिळाला.

मी दत्तप्रसाद. शाळेत भूगोल शिकवतो. विजयसिंहाचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान. सौद्यात ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालाय की रंकाळ्याच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस मागं वळेल. पळताना तोंड सतत चालू. उन्हाला शिव्या, चढाला शिव्या, पुढं पळणाऱ्याच्या गॉगलला शिव्या. मला ते आवडायचं. दिवसभर पोरांना गप्प करून करून मी कंटाळलेला असायचो, पहाटे दुसरं कुणी बोललं तर बरंच वाटायचं.

दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही सायकलनं जोतिबाच्या डोंगराला निघालो. घाटाच्या निम्म्यात माझ्या लक्षात आलं, मागून शिव्या येत नाहीत. वळून बघितलं तर सायकल आडवी आणि विजयसिंह कठड्यावर बसलेला. थंडगार वारा सुटला होता आणि याच्या कपाळावरून घाम निथळत होता. तोंड राखेसारखं. डावा हात त्यानं उजव्या हातानं असा धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी खिशातून फोन काढला. त्यानं तो हिसकावून घेतला.

"ठेव त्यो. पित्त हाय."

"विजू, हे पित्त नाही."

"मास्तर, तू भूगोल शिकवतोस का डाक्टरकी?"

थोड्या वेळानं कळ उतरली. तोंडावर रंग आला आणि त्याबरोबर शिव्याही. मला वाटलं, आता गपगुमान खाली उतरेल. पण हा बाबा सायकल ढकलत वर गेला, आणि मीही मागोमाग. देवळात त्यानं माझ्या तळहातावर चिमूटभर गुलाल ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबला.

"हात जोतिबाच्या दारात हाय. कुणाला बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी शिकलेला माणूस. वर्गात पोरांना सांगतो, ग्रहण लागलं म्हणून कुणाचं काही वाईट होत नसतं. पण त्या दिवशी माझा हात मागं येईना. आणि शपथ तरी कसली? सांगितलं तर त्याचं मेलेलं तोंड बघायचं, आणि नाही सांगितलं तरी तेच बघायचं. यातून बाहेर पडायची वाट मला कुठल्याच नकाशात सापडली नाही.

माझ्या रोजच्या कटकटीला कंटाळून तो एकदा सांगलीला जाऊन आला. तिथं त्याला कुणी ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज ॲडमिट व्हा, अँजिओग्राफी करू. हा म्हणाला, जानेवारीतली रेस झाली की येतो. आणि परत आला.

"अरे, वेडा का तू?" मी तळ्याच्या काठावर ओरडलो.

तो हसला नाही. "आमच्या वडलांचं, आण्णांचं बघितलंयस की. तालीम गाजवलेला माणूस. एकदा त्या आपरेशनच्या टेबलावर झोपला आणि पुढची दहा वर्सं जिना चढायला भिऊन माडीवरनं खाली आला न्हाय. जेवाण वर, आंघोळ वर. खिडकीतनं मला इचारायचा, कुस्त्या कुठं हाईत रं? मास्तर, एकदा पेशंट झालो की संपलं. ही एक रेस पुरी करू दे. मग काय कापायचं ते कापा."

राग असा आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात. आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं, कारण आण्णांना त्या खिडकीत मीही बघितलं होतं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. ग्रुप सोडावा तर तो एकटा जाणार. बायकोला, ऋताला, सांगावं तर तिच्या पोटात संध्याकाळपर्यंतही काही राहत नाही. मग मी हळू पळायला लागलो. गुडघा दुखतोय म्हणायचो, रात्री झोप नाही म्हणायचो, बुटाची नाडी तर इतक्या वेळा बांधली असेल की पहिलीतलं पोर बरं. गणपतराव सगळ्यांसमोर बोलले, "मास्तर, तुमच्या पायात पाणी झालंय का? जोडाला मागं वढताय तुम्ही." विजयसिंह खाली मान घालून हसत होता. त्याला माहीत होतं.

सगळ्यात अवघड जायचं त्याच्या घरी. पळून आलो की स्वप्नालीवहिनी दोघांना नाचणीची आंबील द्यायच्या. माझ्या हातात पेला देताना विचारायच्या, "भावजी, ह्यांना दम बिम लागत न्हाय न्हवं?"

"छे! घोड्यासारखा पळतो."

"तुम्ही जवळच असता न्हवं?"

"जवळच असतो, वहिनी."

समोर विजयसिंह टॉवेलनं मान पुसत माझ्याकडं बघत बसलेला असायचा. मी त्या घराचा उंबरा ओलांडून बाहेर आलो की मोठ्ठा श्वास घ्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

रेसच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. काळे गॉगल घालून आम्ही दोघं, मागं वाघ, वर 'पेठेचे वाघ निघाले'. वाघांपैकी एकाला रात्ररात्र झोप नव्हती.

रेस आमच्याच राजाराम तलावावर होती. पोहताना मी त्याच्या हाताच्या अंतरावर राहिलो. वर आलो तर तो ठणठणीत. सायकलवर कागलकडं जाताना तर त्यानं हायवेवरच्या प्रत्येक ट्रकवाल्याची विचारपूस केली. मला वाटायला लागलं, जोतिबानं ऐकलं बहुतेक. पळायला सुरुवात केली तेव्हा ऊन चढलं होतं. पहिली फेरी झाली. तळ्याच्या काठानं पेठेतली पोरं उभी होती, हलगी वाजत होती. विजयसिंह त्यांना हात करत होता, ओरडत होता.

दुसऱ्या फेरीत तो गप्प झाला.

मी बाजूला बघितलं. डोळे समोर, ओठ पांढरे, डावा हात अंगाशी घट्ट. पाय मात्र चालूच. "विजू, चालू या थोडं," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. "विजू, थांब." त्यानं वेग वाढवला.

बोलायची मला बंदी होती. ओरडून ॲम्बुलन्स बोलवावी तर शपथ मोडते. त्या एका क्षणात मला एवढंच सुचलं की पोटरी धरून रस्त्यावर आडवं व्हायचं. मी किंचाळलो. आयुष्यात नाटकात काम केलेलं नाही, पण त्या दिवशी असा लोळलो की काठावरची पोरं धावत आली.

"गोळा आला! पायात गोळा आला!"

विजयसिंह पुढं गेला. दहा-वीस पावलं गेला असेल. मी जमिनीवरून त्याच्या पाठीकडं बघत होतो आणि मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडत होतो. तो थांबला. शेवटच्या कमानीकडं बघितलं. मग वळला, चालत माझ्याजवळ आला आणि धपकन खाली बसला.

त्यानं माझी पोटरी हातात घेतली. तालमीतल्या घरातला माणूस, अंग रगडण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कुणी नाही. अंगठा स्नायूवर ठेवला आणि त्याला कळलं. गोळा आलेली पोटरी दगडासारखी होते. माझी मऊ होती.

त्यानं वर माझ्याकडं बघितलं. आजूबाजूला पोरं, गणपतराव, पाण्याच्या बाटल्या. तो पोटरी चोळत राहिला, बराच वेळ, सगळ्यांना दिसेल असा. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग परत येताना मला दिसला. मग वाकून फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "लोण्यासारखी हाय रं." आणि उठून गेला.

फेटा त्यालाच बांधला गेला. जोडीदारासाठी रेस सोडली म्हणून. हलगी, गुलाल, सगळं झालं. स्वप्नालीवहिनींनी त्याला ओवाळलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी पेठेत 'गोळेसर' झालो. शाळेतल्या पोरांपर्यंत ते नाव पोचलं, फळ्यावर माझं चित्र निघालं. ऋता म्हणाली, "झेपत नव्हतं तर सांगायचं होतं आधी." मी ऐकून घेतलं. माणूस जिवंत आहे, बास, असं मी स्वतःला रोज सांगायचो. विजयसिंह माझा फोन उचलत नव्हता.

पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी सकाळी ऋता मंडईत गेली होती तेव्हा दार वाजलं. स्वप्नालीवहिनी. पंजाबी ड्रेस आणि पायात कोरे करकरीत पळायचे बूट. मी मनाशी म्हटलं, आता ऐकून घ्या, गोळेसर.

त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. "पावसाळ्याआधी साताऱ्याकडं एक रेस हाय. त्यात नाव घातलंय त्यांनी."

"आणि जोडीला?"

"मी."

माझा संयम सुटला. शपथ गेली खड्ड्यात. "वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. जोतिबाच्या घाटात..."

"ठावं हाय मला."

"त्यानं सांगितलं?"

"न्हाय. त्या दिवशी घाटातनं आलासा तवा तुमचं तोंड बघितलं की. आणि रोज तुम्ही 'छे' म्हणायचासा, तवाबी मी बघत होते. तुमास्नी खोटं बोलता येत न्हाय, भावजी." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरात त्याच्याबी आधी झालतं. न्हाणीत. दार मोडून बाहेर काढलं मी. तवा हात धरून म्हणाले, दत्त्याला कळलं तर त्यो मला पळू देणार न्हाय. त्याला काय, कुणालाबी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

दावणीला दोन जनावरं बांधावीत आणि एकमेकांकडं तोंड करता येऊ नये इतकं दावं आखूड ठेवावं, तसं त्यानं आम्हाला बांधलं होतं. आंबिलीचा पेला मधे ठेवून आम्ही दोघं दोन-अडीच महिने एकमेकांशी खोटं बोलत होतो. असा संताप आला मला त्याचा! आणि त्यातही वाटलं, किती घाबरला असेल हा माणूस.

"तळ्यावर तुम्ही पडलासा तवा तुमच्या पाया पडावंसं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "पर ते बघत होते."

"आता झालं ना उघड? दोघं मिळून धरू त्याला. गणपतरावांना घेऊ, दवाखान्यात नेऊन टाकू."

"मी केलं की ते. गेल्या सोमवारी. शपथ मोडली, सासूबाईंच्या म्होरं मी सगळं बोलले. दुसऱ्या दिवशी ते फोन घरात ठेवून एकटेच पळायला गेले. ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता न्हाय. भावजी, मी दारात उभी ऱ्हाऊन येईल त्या गाडीकडं बघत होते, कोण काय सांगाया येतंय म्हणून." त्यांनी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "अडवलं की एकटे जात्यात. एकटं जाऊ द्यायचं न्हाय मला. म्हणून मीच म्हणाले, येते जोडीला. तवा कुठं हासले."

"पण तुम्ही पळून काय होणार, वहिनी?"

"तेच शिकाय आलेय." त्या खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसल्या. "छातीवर दाबायचं असतंय म्हणं. शाळेत तुमास्नी शिकवलंय न्हवं? मला दाखवा."

शाळेत ते प्रशिक्षण झालं होतं खरं. मी दिवाणावरचा लोड ओढून फरशीवर ठेवला. त्यांचे तळवे एकावर एक ठेवून दिले, कोपरं ताठ करायला सांगितलं. त्या दाबायला लागल्या.

"अजून जोरात."

"दुखंल की."

"दुखू दे. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही."

"कवापतुर?"

"कुणी येईपर्यंत."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दाबायला सुरुवात केली. लोडातला कापूस खाली बसत होता, वर येत होता. केस सुटून तोंडावर आले, बांगड्या वाजत होत्या, घाम फरशीवर टपकत होता. मी थांबा म्हटलं नाही. त्यांचे हात थकले तेव्हा मी शेजारी गुडघे टेकले आणि लोडावर त्यांच्या जागी माझे हात ठेवले.