सोनेरी पट्टीचा चिरूट

चिरुटावरची सोनेरी कागदाची पट्टी. तिच्यावर छापलेला मुकुट.

डोळखांबच्या वरच्या रानात कारवी डोक्याच्या वर जाते. आत शिरलेला माणूस हाकेला ओ दिल्याशिवाय सापडत नाही.

नाकेदाराचा मोडलेला हात वाकडाच बसला. घास तोंडापर्यंत जाईना.

चिलीम भरायला बाई चालते, ओढायला नाही.

मुरबाडच्या कचेरीसमोर चिंच होती. तिच्याखाली बसायला दगड नव्हता.

"आत्याबाई, रानात हाय तो रानातच बरा हाय," नवसूची बायको बाळी सासूला म्हणाली होती.

वास

गुणाबाईचा नवसू राबासाठी फांद्या तोडत होता. त्या जाळून भाजलेल्या जमिनीतच भाताची रोपं धरतात, बापजाद्यांपासूनचं काम. पण ते रान मुरबाडच्या हद्दीतलं, सरकारने राखलेलं. जंगलखात्याच्या नाकेदाराने त्याचा कोयता धरला. ओढाताणीत नाकेदार घळीत गेला आणि हात मोडून बसला. नवसू पळाला तो थेट कारवीत. मागाहून पकडवॉरंट निघालं.

तेव्हापासून गुणाबाई लाकडं आणायच्या निमित्ताने रानात जायची. फडक्यात नाचणीची भाकर बांधलेली असायची. हाक मारायची, भाकर द्यायची, आणि पोराच्या गालांची हाडं दिवसागणिक वर येताना बघून परतायची.

नव्या राजाला मुकुट चढला त्या वर्षीच्या थंडीत जंगलसाहेबाचा तंबू डोळखांबला पडला. गुणाबाई मोळी घेऊन तिथे गेली ती साहेबाचे पाय धरायचे ठरवूनच. साहेब शेकोटीजवळ खुर्ची टाकून बसला होता. शेजारी मुंबईहून आलेला पाहुणा साहेब. मधल्या मेजावर लाकडी पेटी उघडी, आणि दोघे एकेक चिरूट नाकाखालून फिरवत होते. पेटवत मात्र नव्हते.

"काय करतात रे?" तिने साहेबाच्या पट्टेवाल्याला, किन्हवलीच्या रघूला विचारलं.

"पारख. हा चिरूट नव्या राजाच्या नावानं एकदाच वळलाय, मावशे. पुन्ना वळायचा नाय."

"मग जाळतात कशाला?"

"मग काय देव्हाऱ्यात मांडतील?"

वारा फिरला तसा वास तिच्याकडे आला. जुन्या गुळाच्या ढेपेचा, आणि त्याच्याखाली ओल्या गोठ्याचा. ती स्वतः आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून ओढायची. कानावर खोचलेली तिची विडी पाहुण्याला दिसली. तो हसून साहेबाला काहीतरी म्हणाला.

ओढ

साहेबाने चिरूट पेटवला. धूर तोंडात धरला, सोडला, मान हलवली. पाहुण्याला पटलं नाही. दोघांची जुंपली, पैज लागली. शेवटी पाहुण्याने गुणाबाईकडे बोट केलं, आणि साहेबाने हातातला, स्वतःच्या तोंडचा चिरूट तिच्यापुढे धरला.

"ओढून बघ म्हणतो, मावशे. कसा लागतो ते सांग," रघू म्हणाला.

गुणाबाईने आधी हात पदराला पुसले.

तिच्या पाड्यावर तंटा मिटवायची रीत होती. गावकी बसायची. ज्याचं नुकसान झालं तो चिलमीचा पहिला झुरका घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. त्याने ओढून परत दिली की पहिल्याने पुन्हा ओढायची. चिलीम फिरून आली की तंटा संपला. मग त्याचं नावही कोणी काढायचं नाही. जन्मभर तिने त्या चिलमी भरल्या होत्या. ओढायला तिला कोणी बसवलं नव्हतं. आणि आज नाकेदाराचा मालक आपल्या हाताने देत होता.

"ओढ गो, इख नाय त्यात."

तिने ओढला. आधी गोड, मग जळक्या सालीसारखा कडू. जिभेला मिरची लागल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"कसा हाय?"

"चांगलाय," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

रघूने सांगितलं तसे दोघे साहेब मोठ्याने हसले. पैज कोणीतरी जिंकली होती. तिने दोन्ही हातांनी चिरूट परत दिला.

"रघू, माझ्या नवसूचं इचार."

रघूने दबकत विचारलं. साहेब मेजावरची पेटी आवरता आवरता दोन शब्द बोलला.

"येऊ दे त्याला म्हणतो. बघू."

"मिटलं ना?"

"सायेब हसला म्हंजे मिटलं असं नसतंय, मावशे."

"तुला काय कळतंय? तू किन्हवलीचा."

खुर्चीखाली सोनेरी पट्टी पडली होती. तिने ती उचलून पदराच्या गाठीत बांधली.

राख

"त्यानं पयला ओढला?" नवसूने कारवीतूनच विचारलं.

"पयला त्यानं. मग मी. मग परत दिला."

"बायमाणसाला कोण देतं गो?"

"त्यानं दिला. ही बघ खूण."

नवसूने पट्टी उलटून पालटून बघितली, करंगळीत घातली. किती दिवसांनी तो हसला. उतरताना तिला मागे टाकून पुढे पळत होता.

तंबूपाशी पोलीस होते. बेडी घालताना पट्टी फाटून खाली पडली. नवसूने पोलिसांकडे बघितलंच नाही. तो आईकडे बघत राहिला. गुणाबाई साहेबाच्या खुर्चीकडे धावली.

"सायेब, तुमी ओढलात ना? माझ्यासंगं ओढलात ना?"

साहेबाने रघूला विचारलं, ही बाई कोण.

मुरबाडच्या कचेरीत तिने चिरुटाचं सगळं सांगितलं. लोक हसले. कारकुनाची लेखणी तेवढ्यापुरती थांबली आणि पुढच्या साक्षीला चालू झाली.

रॉकेलसाठी रांगा लागायच्या त्या लढाईच्या दिवसांत नवसू तुरुंगातून सुटून आला. ओढ्यापलीकडे त्याने वेगळं झोपडं घातलं. त्याने आईला शिवी दिली नाही की दोष दिला नाही. गुणाबाई सांजेला चिलीम भरते, पेटवते आणि पहिला झुरका त्याचा म्हणून ओढा ओलांडून त्याच्यापुढे धरते. नवसू कोयत्याला धार लावत राहतो.

"ठेवा तिथं, आत्याबाई," बाळी म्हणते.

ती ठेवत नाही. ठेवलेल्या चिलमीला अर्थ नसतो. हात भरून येईपर्यंत ती धरून उभी राहते. आतला निखारा विझतो. मग ती राख ओढ्यात झाडते आणि घरी येते. उद्या पुन्हा जायचं. हात आहेत तोवर जायचं.

गुणाबाईने परत दिलेला चिरूट साहेबाने पुन्हा तोंडाला लावला नाही, शेकोटीत टाकला. ते तिने तेव्हाच पाहिलं होतं.