धर्मेंद्रच्या वाटेचं पाणी

सुकलालला भुयारातून वर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत चुना खरवडायची छिन्नी तशीच होती. मथुराबाईनं नवऱ्याची आखडलेली बोटं एकेक करून सोडवली. तेव्हाच तिचं मन ठरलं.

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी बादशाही काळातलं ते भुयार. डोंगरात मुरलेलं पाणी उतारानं आपसूक वाहत येतं आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या आहेत. मथुराबाईच्या शेताखाली त्याला फाटा फुटतो. एक वाट तिच्या कुंडीतून पुढे वस्तीकडे जाते, दुसरी शेजारच्या धर्मेंद्रच्या कुंडीत. पाण्यातला चुना भिंतींवर बसून वाट आवळत जाते. धर्मेंद्रची वाट आवळली, म्हणून चुना खरवडायला त्यानंच सुकलालला बोलावलं होतं.

"भय्या, तू बिनधास्त उतर. मोटार बंदच ठेवतो," तो म्हणाला होता. भाकरी घेऊन आलेल्या मथुराबाईनं ते बांधावरून ऐकलं होतं.

मग लाइट आली. केळी तहानलेली होती, आणि त्यानं बटण दाबलं. कुंडीत लोंबणारी केबल सोललेली होती; पाण्यात करंट उतरला आणि सुकलाल जागीच गेला.

पोलिसांना त्यानं सांगितलं, सुकलाल न विचारता उतरला. मथुराबाईचं कोणी ऐकलं नाही. दुःखानं बाई काहीबाही बोलते, म्हणाले.

तिनं बोलणं सोडलं आणि चैत्राची वाट पाहिली. धर्मेंद्रची बाग निसवली, कोवळे घड लटकू लागले, तशी ती भर दुपारी, लाइट गेलेली पाहून, आपल्या कुंडीत उतरली. नवऱ्याबरोबर ती वाट तिनं कैकदा तुडवली होती. फाट्यावर तिनं दगड रचले, फटींत चिंध्या कोंबल्या, वरून काळी माती थापली. आठवडाभर रोज उतरली. शेवटच्या दिवशी पाणी धर्मेंद्रकडे वळायचं थांबलं आणि सगळा लोंढा तिच्या पायांवरून वस्तीकडे धावला. अंधारात ती मोठ्यानं हसली.

बागेनं माना टाकल्या तसा धर्मेंद्र आला. तिच्या कुंडीवर बाया पाणी भरत होत्या, गावचे सुपडू पाटीलही उभे होते.

"भाभी, माझी कुंडी कोरडी आणि तुझी काठोकाठ? क्या किया तूने?"

"बुजवली तुझी वाट. मीच."

"खोल ना! बाग मरतेय माझी."

"माझा नवरा खाली उतरलाय हे तुला माहीत होतं का? सगळ्यांसमोर सांग."

धर्मेंद्रनं माना टाकलेल्या बागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "माहीत होतं. वाटलं, दोन मिनिटं चालवतो, काही होत नाही."

बायांच्या कळश्या जागीच थांबल्या. पाटलांनी तिथूनच ठाण्यात फोन लावला.

"आता तरी खोल, भाभी."

"माती खाली आहे. तू उतर, काढ," मथुराबाई म्हणाली. "मी तुझ्या बटणाजवळ बसते."

त्यानं कुंडीत डोकावलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरला.

केस पुन्हा उघडली. पाटलांनी साक्ष दिली, धर्मेंद्रला पोलीस घेऊन गेले. वैशाखात त्याच्या भावांनी वाळलेली बाग तोडायला काढली. मथुराबाई रोज बांधावर येऊन बसे. शेवटची ओळ आडवी पडेपर्यंत बसली. भावांपैकी एक हात जोडून म्हणाला, "भाभी, आमचं काय चुकलं?"

तिनं पदर झटकला आणि ती घरी गेली. वाट तिनं आजवर खोललेली नाही.