पांझरेपलीकडे सोडलेला बोका

मित्रांनो, मी एक म्हातारा बोका आहे. माझा डावा कान फाटलेला आहे, एक सुळा पडलेला आहे. कोणी थांबून ऐकावं असं माझ्या आयुष्यात काही आहे का, याची मला शंकाच आहे. पण माझ्यावर एक आरोप आहे, म्हणून बोलतो.

माझा जन्म धुळ्यात, देवपुरातल्या फुलचंदभाऊंच्या धान्याच्या दुकानात, तुरीच्या पोत्यांमागे झाला. दुकानात उंदीर फार. भाऊ जैन, पिंजरा लावणं, औषध टाकणं त्यांना चालत नसे. मी उंदीर धरला की मात्र ते तोंड फिरवून माळ ओढत. पिंजऱ्याचं पाप त्यांना लागलं असतं, माझं पाप मला. अकरा वर्षं मी ते बिनतक्रार केलं. "हा आमचा मुनीम," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. वर घरात त्यांची मुलगी पलक मला रोज सकाळी वाटीत दूध द्यायची.

गेल्या हिवाळ्यात भाऊंच्या पत्नी राजकुंवरबाईंची बोटं सुजली. सकाळी त्यांना कणीक मळता येईना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, शरीरानेच स्वतःच्या सांध्यांशी वैर धरलं आहे. घरी भरून आणायला एक फॉर्मही दिला. तो भरताना मी टेबलाखाली होतो.

"घराण्यात कुणाला सांध्यांचा आजार?" पलकने वाचलं.

"नाही लिही," भाऊ म्हणाले.

"पप्पा, चोपड्याच्या नानींची बोटं वाकडीच होती ना?"

"नानी गेल्या आता. रविवारी जळगावचे पाहुणे तुला बघायला येताहेत. घराण्यात आजार आहे म्हटल्यावर कोण करेल सोयरीक?"

राजकुंवरबाईंनी सुजलेली बोटं पदराखाली घेतली. त्यांच्याच आईची बोटं त्या कागदावरून पुसली जात होती.

"घरात पाळीव प्राणी?"

"हो लिही. ठळक लिही! ह्या बोक्यानेच घात केलाय."

डाळ निवडणाऱ्या कमलबाई दारातून म्हणाल्या, "बठ्ठा दोष बोकानाच शे का, भाऊ? मांजर शे ते, वाघ नही."

"तू डाळ बघ!"

त्या दिवसापासून मी घराचा शत्रू झालो. माझी वाटी उकिरड्यावर गेली. जिन्यावर दिसलो की चप्पल यायची. एका दुपारी भाऊंनी मला बारदानात कोंबलं, स्कूटरवर पांझरा नदीचा पूल ओलांडला आणि पलीकडे भंगाराच्या ढिगात सोडलं. मारलं नाही. पाप लागलं असतं.

सोळा दिवस कुत्र्यांपासून लपत मी परत आलो. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली होती. राजकुंवरबाईंची बोटं मात्र अजून तशीच सुजलेली होती. पलकने मला जिन्यात पाहिलं आणि दूध आणलं. वाटी तिने दोन तळव्यांमध्ये दाबून धरली होती. तिची मूठ मिटत नव्हती.

दारात उभ्या राजकुंवरबाईंनी ते पाहिलं. "कधीपासून गं?"

"दिवाळीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"घराण्यात कुणालाच नाही, असं लिहिलं ना आपण? मग मला कसा असेल?"

तेवढ्यात भाऊ झाडू घेऊन धावत आले. "परत आला हा? आत्ता सोडून येतो!"

"या सोडून," पलक म्हणाली. "आणि माझं रक्त कुठे सोडाल, पप्पा? पांझरेपलीकडेच?"

झाडू तसाच हवेत राहिला. राजकुंवरबाईंनी चपला घातल्या आणि मुलीला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. नानींचं सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जळगावला फोनही त्यांनीच केला. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते पलकने कमलबाईंना सांगितलं. आजाराचा कल रक्तातून येऊ शकतो. पाळीव जनावराचा त्यात किती वाटा, हे अजून नक्की सांगता येत नाही. पण हे आधी कळलं असतं, तर पलकचं औषधही लवकर सुरू झालं असतं.

नक्की नाही म्हणजे मी निर्दोष, असं नव्हे. माझ्या केसांनी काही बिघडवलंही असेल. मला खरंच माहीत नाही. मी आता दुकानाच्या ओट्यावर राहतो. भाऊ अजून चप्पल उगारतात, मीही त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

मित्रांनो, मांजर पाळावं की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला हाकलायचं तर हाकला. पण सकाळी मूठ मिटत नसेल तर त्याच दिवशी सांगा, आणि घरात आणखी कुणाकुणाची मिटत नव्हती तेही लपवू नका.

पलक ओट्यावर येते, अजून दोन तळव्यांतच वाटी धरून. दूध पिताना मी तिच्या हाताकडे बघतो. आज करंगळी थोडी वळली. अगदी थोडी.