तुरुंगाचं कुलूप

महापौर डनवुडी यांनी तिसरा परिच्छेद वाचून संपवला, कागदावरून मान वर केली आणि ते थांबले. या चर्चमध्ये बोलणारा थांबला की बाकांवरून "खरंय!", "बोला, बोला!" असं उत्तर येतं, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं असावं. उत्तर आलं नाही. दोनशे माणसं हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलवत त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

उत्तराची सुरुवात पहिल्या बाकावरून व्हायची, हा इथला रिवाज. आणि पहिल्या बाकावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या व्हर्डेल टूमर पांढरी टोपी घालून, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. एरवी एखादा नवखा पाद्री अडखळला तरी "सावकाश, बाबा" म्हणून त्या त्याला सावरून घेत. 

१९३८ साली त्यांचे काका आयझम हॅगन्स यांना गोऱ्यांच्या जमावाने तुरुंगातून ओढून नेलं आणि पुलाला लटकवून मारलं. एक्क्याऐंशी वर्षांनी जॉर्जियातल्या या गावाच्या नगरपालिकेला त्याची माफी मागावीशी वाटली, तीही काळ्यांच्या चर्चमध्ये येऊन, सोबत फोटोग्राफर घेऊन. 'फार उपकार झाले,' असं व्हर्डेलआजी सकाळी टोपी बसवताना आरशाला म्हणाल्या होत्या.

महापौर पुढे वाचू लागले.

"त्या दिवशी संतप्त जमावाने तुरुंगाचं कुलूप फोडलं आणि—"

"कुणी सांगितलं?"

पंखे थांबले. आजी काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मिस व्हर्डेल, मी आधी पूर्ण वाचतो, मग—"

"मिसेस टूमर म्हणायचं. पहिल्या नावाने हाक मारायला तुमच्या घरची स्वयंपाकीण नाही मी. कुलूप फोडलं, हे कुणी सांगितलं?"

"तशी नोंद आहे, मिसेस टूमर. तुरुंग ज्यांच्या ताब्यात होता, त्या तेव्हाच्या शेरीफनी स्वतः लिहिलेली."

"लिहिणारच! अहो, गावात लोहार एकच होता, माझा बाप. घोड्याच्या नालापासून तुरुंगाच्या गजापर्यंत मोडलेलं सगळं त्याच्याकडे यायचं. त्याचा भाऊ गेला, तरी दुसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली. आई रडून विचारायची, आज कशाला? तर म्हणाला, कुलूप फुटलं असेल तर दुरुस्तीला माझ्याकडेच आणतील. चार दिवस भट्टी पेटती ठेवली त्याने. कोणी फिरकलं नाही. आणि दाराला तेच कुलूप लटकत होतं, या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"खरंय!" मागच्या बाकावरून आवाज आला. मग आणखी दहा-बारा. चर्चला आत्ता कुठे वाचा फुटली होती.

महापौरांचे कान लाल झाले.

"हा मजकूर सभेत मंजूर झालाय. मला त्यातला एक शब्द बदलता येणार नाही."

"मग परत घेऊन जा. खोटी माफी ठेवायला आमच्याकडे जागा नाही."

"हे बघा, इतक्या वर्षांपूर्वीचं आता कोण सिद्ध करणार?"

 बाप गेला, भट्टी गेली. उरली होती ती आजींची, तेव्हाच्या सात वर्षांच्या पोरीची साक्ष. 

मागच्या दाराजवळ बंदोबस्ताला उभे असलेले पोलीसप्रमुख ब्रॅनन यांनी तेवढ्यात टोपी काढली. गोरा, पन्नाशीचा माणूस. इतका वेळ त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

"ते कुलूप आहे," ते म्हणाले. "माझ्या ऑफिसात, काचेच्या कपाटात. जुना तुरुंग पाडला तेव्हा काढून ठेवलेलं."

"ब्रॅनन, तुम्ही बाहेर थांबा," महापौर म्हणाले.

"फुटलंय?" आजींनी विचारलं. मागे वळूनही पाहिलं नाही त्यांनी.

"नाही, बाई. कुठे चीर नाही, जोड नाही." ब्रॅनन जरा घुटमळले. "किल्लीसकट ठेवलंय."

फोटोग्राफरने कॅमेरा वर केला. महापौरांनी हातानेच तो खाली करायला लावला. ब्रॅनन यांना कुणी शाबासकी दिली नाही. इतकी वर्षं ते कपाट त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं.

आजी सावकाश खाली बसल्या. महापौर कागदावर बोट फिरवत आपण कुठवर आलो होतो ते शोधत होते.

"पहिल्यापासून वाचा," आजी म्हणाल्या. "आणि त्या ओळीशी आलात, की दार कुणी उघडलं त्याचं नाव घ्या."